जुन्या रास्पबेरी पायवर एमपीडी : फक्त गाणी ऐकण्यासाठी केलेल्या प्लेअरच्या नोंदी

८ जून २०२४ : काय हाताशी आहे, काय हवंय

एमपीडी (म्युझिक प्लेअर डीमन) हा मागे राहून गाणी वाजवणारा प्रोग्राम. तो ज्यावर चालवायचा तो बोर्ड रास्पबेरी पाय मॉडेल बी, म्हणजे एकाच पाटीवरचा छोटा संगणक, पहिल्या पिढीतला. एआरएम११ प्रोसेसर, ७०० मेगाहर्ट्झ, एकच कोर, ५१२ एमबी रॅम. मोठ्या आकाराचं एसडी कार्ड, दोन यूएसबी पोर्ट, इथरनेट. वायफाय नाही.

हवं आहे ते एवढंच: मॉनिटर-कीबोर्ड न लागता मोबाइलवरून चालणारा प्लेअर, जो एफएलएसी (दर्जा न घालवता लहान केलेल्या ध्वनिफाइली) आणि एमपी३ न अडखळता वाजवेल आणि जुन्या स्टीरिओ अँप्लिफायरला जोडता येईल.

टीव्हीवर गाणी-चित्रपट दाखवणारं कोडी आधीच बाद केलं. लिब्रेइलेक ही कोडीपुरती बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि या बोर्डावर चालणारी तिची शेवटची मालिका ९.२, म्हणजे कोडी १८. पुढच्या आवृत्त्यांनी पहिल्या पिढीचा आधार काढून टाकला. शिवाय नुसती गाणी वाजवायला पडद्यावरची चित्रं आणि मेनू रंगवत बसणं या प्रोसेसरला झेपत नाही. मोपिडी हा एमपीडीसारखाच दुसरा प्लेअर, पण तो पायथॉनमध्ये आहे. सुरू व्हायलाच बराच वेळ घेतं आणि यादी मोठी झाली की प्रत्येक आज्ञेला रेंगाळतं. एमपीडीला स्वतःचा चेहराच नाही. तो मागे वाजवत राहतो, ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर हुकूम घेतो आणि यादी, शोध, मुखपृष्ठं हा सगळा भार मोबाइलवरच्या अ‍ॅपवर टाकतो. एवढ्या जुन्या बोर्डावर हीच रचना योग्य.

बोर्ड कोणत्या रिव्हिजनचा आहे ते आजच पाहून ठेवलं, कारण पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे. रिव्हिजन २ ला स्क्रूसाठी दोन भोकं असतात आणि जीपीआयओ पट्टीजवळ (बाहेरची उपकरणं जोडायच्या पिनांजवळ) पी५ नावाची आठ भोकांची रिकामी जागा असते. रिव्हिजन १ ला दोन्ही नाही. सॉफ्टवेअरमधून पाहायचं तर सीपीयूइन्फोमध्ये ०००डी, ०००ई किंवा ०००एफ दिसलं की तो ५१२ एमबीचा रिव्हिजन २ बोर्ड.

९ जून : ऑपरेटिंग सिस्टिम

रास्पबेरी पाय ओएस लाइट, ३२ बिट, बुकवर्म. यात ठरलेलं ‘पाय’ हे यूजरनेम मिळत नाही. त्यामुळे इमेजरमध्येच (कार्डवर सिस्टिम लिहिणाऱ्या प्रोग्रामात) यूजर, पासवर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) भरून घ्यावं, नाहीतर मॉनिटर शोधत फिरावं लागतं.

पहिलं बूट फार सावकाश होतं. कार्डचं पार्टिशन वाढवणं, एसएसएचच्या किल्ल्या तयार करणं हे सगळं एकाच कोअरवर चालतं. दिवा लुकलुकत असेल तर वीज काढू नये. पॅकेजांची यादी ताजी करणाऱ्या एपीटी अपडेटलाही काही मिनिटं लागतात, तो अडकलेला नसतो.

एमपीडीची नवी आवृत्ती मिळावी म्हणून मूळ डेबियनचं आर्मएचएफ रिपॉझिटरी जोडण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो. या बोर्डावर तो जीवघेणा आहे. डेबियनचं आर्मएचएफ एआरएमव्ही७ साठी बांधलेलं असतं आणि आपला प्रोसेसर एआरएमव्ही६. पॅकेज बिनतक्रार बसतं, पण चालवलं की ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतं. सोबत सी लायब्ररी बदलली गेली तर एलएस ही साधी आज्ञासुद्धा चालत नाही आणि कार्ड नव्याने लिहावं लागतं. इथे तेच झालं, अर्धा दिवस गेला. रास्पबेरी पाय ओएसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतली ०.२३ मालिका या कामाला पुरेशी आहे.

कॉन्फिग.टीएक्सटी (बुकवर्ममध्ये ती बूट/फर्मवेअर फोल्डरात आहे) मध्ये दोन बदल केले. जीपीयू_मेम=१६ लिहिलं, म्हणजे चित्रांसाठी राखून ठेवलेली रॅम कमीत कमी. पडद्याच्या ड्रायव्हरची, व्हीसी४-केएमएस ची ओव्हरले ओळ बंद केली, कारण मॉनिटरच नाही. ब्लूटूथ आणि मोडेममॅनेजर सेवाही बंद केल्या.

ओव्हरक्लॉक केलं नाही. १००० मेगाहर्ट्झच्या टर्बोवर या बोर्डांची एसडी कार्डं बिघडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि पुढे दिसेल तसं त्याची गरजही नाही.

१० जून : एमपीडी.कॉन्फ

लावल्या लावल्या तीन अडथळे येतात.

पहिला: मोबाइलवरून जोडणी होत नाही. फाइलमध्ये बाइंड_टू_अ‍ॅड्रेस ‘लोकलहोस्ट’ असतं, ते ‘एनी’ करायचं. पण एमपीडी.सॉकेट ही सिस्टिमडीची (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) युनिट चालू असेल तर ही ओळ वाचलीच जात नाही, पत्ता सॉकेट युनिटमधून येतो. एकच मार्ग ठेवावा. सॉकेट युनिट डिसेबल केली आणि एमपीडी.सर्व्हिस थेट सुरू होऊ दिली.

दुसरा: गाणी यूजरच्या होम फोल्डरात ठेवली तर यादी रिकामी दिसते. बुकवर्ममध्ये होम फोल्डरची परवानगी ७०० असते आणि एमपीडी स्वतःच्या ‘एमपीडी’ यूजरने चालतो, त्याला आत शिरताच येत नाही. लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं, पण अ‍ॅपमध्ये काहीच कळत नाही. होमची परवानगी सैल करण्यापेक्षा गाणी एमएनटी/गाणी इथे माउंट करावीत.

तिसरा: आउटपुटचं डिव्हाइस ‘डिफॉल्ट’ ठेवलं तर आवाज अल्साच्या (लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेच्या) डीमिक्समधून, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणाऱ्या भागातून जातो. डीमिक्स सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलतो आणि ते काम या प्रोसेसरच्या डोक्यावर पडतं. डिव्हाइस कायम ‘एचडब्ल्यू:’ ने सुरू होणारं द्यावं. आणि कार्डचा क्रमांक न देता नाव द्यावं, कारण रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो.

मोबाइलवर एम.ए.एल.पी. हे अ‍ॅप टाकलं. हलकं आहे आणि मोठी यादी नीट पेलतं. बोर्डावर एमपीसी, म्हणजे एमपीडीला टाइप करून आज्ञा देणारा छोटा प्रोग्राम, हवाच. चाचणीसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

१५ जून : हेडफोन जॅक आणि यूएसबी साउंड कार्ड

बोर्डावरचा ३.५ मिमी जॅक पीडब्ल्यूएमवर (झटपट चालू-बंद होणाऱ्या सिग्नलवर) चालतो आणि गुणवत्ता साधारण ११ बिटांच्या आसपास मिळते. हळू आलापात मागची खरखर स्पष्ट ऐकू येते. तो भजनाच्या पहाटेच्या गजरापुरता ठीक.

म्हणून यूएसबी साउंड कार्ड लावलं, बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारं साधं. आवाज बराच स्वच्छ झाला, पण दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो. कधी मिनिटभर काहीच नाही, मग सलग तीन-चार. तंबोऱ्यावर तो लगेच ध्यानात येतो, तबल्यात लपतो.

१६ जून : आधी वीज तपासा

या बोर्डावर काहीही विचित्र झालं की पहिला संशय विजेवर घ्यावा. कमी व्होल्टेजची सूचना देणारी सोय बी प्लस मॉडेलपासून आली, मॉडेल बी मध्ये ती नाही. लाल दिवा पेटलेला आहे म्हणजे वीज ठीक आहे असं अजिबात नाही.

मोजायची जागा बोर्डावरच आहे. टीपी१ आणि टीपी२ असे दोन गोल ठिपके आहेत, मल्टिमीटरची टोकं त्यांवर टेकवायची. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. गाणं वाजत असताना, पेन ड्राइव्ह लावलेला असताना मोजायचं. रिकाम्या बोर्डावर मोजून उपयोग नाही. इथे आकडा आला ४.६१. चार्जर २ अँपिअरचा होता, दोष केबलचा. पातळ, दीड मीटर लांब मायक्रो यूएसबी केबल. जाड आणि अर्ध्या मीटरची लावल्यावर ४.९४. चार्जर बदलण्याआधी केबल बदलून पाहावी, पैसे वाचतात.

पेन ड्राइव्ह मध्येच नाहीसा होणं यामुळे थांबलं. ‘टक्’ मात्र तसाच राहिला.

एक जपायचं: बोर्ड चालू असताना यूएसबीत काही खुपसू नये. जोडताक्षणी ओढल्या जाणाऱ्या करंटमुळे व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. त्याच क्षणी कार्डवर लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टिम बिघडते.

१७ जून : ‘टक्’ कुठून येतो

प्रोसेसरवरचा भार दाखवणारं टॉप चालवून पाहिलं. एफएलएसी वाजताना एमपीडी दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे आणि आवाज तरीही तुटतो. ओव्हरक्लॉक करून, प्राधान्य वाढवून, बफर मोठा करून काही होत नाही, ते यामुळेच.

खरी अडचण यूएसबीत आहे. प्रोसेसरमधून यूएसबीची एकच वाट निघते. ती एलएएन९५१२ या चिपमध्ये जाते आणि तिथून दोन पोर्ट आणि इथरनेट असे फाटे फुटतात. नेटवर्क, पेन ड्राइव्ह आणि साउंड कार्ड, तिघांची ये-जा एकाच वाटेवर. त्यात स्वस्तातलं साउंड कार्ड १२ मेगाबिटचं, फुल-स्पीडचं असतं, आणि वरची वाट ४८० मेगाबिटची. अशा वेळी प्रत्येक देवाणघेवाण दोन तुकड्यांत करावी लागते आणि दुसरा तुकडा ठरलेल्या १२५ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत उचलावा लागतो. इतर कंट्रोलर हे हार्डवेअरमध्ये करतात. इथे त्याचा बराच भाग डीडब्ल्यूसी_ओटीजी या यूएसबीच्या ड्रायव्हरला सॉफ्टवेअरमध्ये करावा लागतो, सेकंदाला ८००० वेळा. एक खिडकी चुकली की १ मिलिसेकंदाचा आवाज गेला, म्हणजे ४४ नमुने. तोच ‘टक्’.

पेन ड्राइव्हचं वाचन चुकलं तर पुन्हा वाचता येतं. यूएसबी ऑडिओत पुन्हा पाठवण्याची सोयच नाही, गेलं ते गेलं. म्हणून एकाच वाटेवर असूनही गाण्याची फाइल कधी बिघडत नाही आणि आवाज मात्र तुटतो.

पडताळणी सोपी आहे. गाणं चालू ठेवून लॅपटॉपवरून एससीपी या आज्ञेने नेटवर्कवरून मोठी फाइल पाठवायची. ‘टक्’ लगेच वाढतात, पाठवणं थांबलं की कमी होतात.

सीएमडीलाइन.टीएक्सटी या बूटच्या फाइलमध्ये डीडब्ल्यूसी_ओटीजी.स्पीड=१ लिहिलं की सगळी यूएसबीच १२ मेगाबिटवर येते, तुकड्यांचा प्रश्न मिटतो आणि ‘टक्’ थांबतात. पण इथरनेट आणि पेन ड्राइव्हही त्याच वेगावर येतात. वाजवायला ते पुरतं, सीडीचा कच्चा प्रवाहसुद्धा १.४ मेगाबिटचाच आहे. पण हजारो गाण्यांची यादी बनवायला आणि नवी गाणी चढवायला असह्य वेळ लागतो. कुणाकडे रिव्हिजन १ असेल तर मात्र हाच इलाज करावा, किंवा हाय-स्पीडवर चालणारा यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा अँनालॉग करणारं उपकरण) घ्यावा.

रिव्हिजन २ वर याहून चांगला मार्ग आहे: आवाज यूएसबीवरून काढूनच घ्यायचा.

२२ जून : पीसीएम५१०२ए चं बोर्ड आणि पी५

आयटूएस म्हणजे प्रोसेसरमधून थेट डॅक चिपकडे जाणाऱ्या तीन तारा. यूएसबीचा संबंध नाही. नव्या पायवर त्या ४० पिनांच्या पट्टीत आहेत, मॉडेल बी रिव्हिजन २ वर त्या पी५ वर आहेत.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून जांभळं पीसीएम५१०२ए डॅक बोर्ड ३८० रुपयांना आणलं. दोन बाय चारची पिन पट्टी १० रुपये.

पी५ ची मांडणी अशी: १ वर ५ व्होल्ट, २ वर ३.३ व्होल्ट, ३ वर बिट क्लॉक (जीपीआयओ २८), ४ वर डावा-उजवा क्लॉक (२९), ५ वर आत येणारा डेटा (३०), ६ वर बाहेर जाणारा डेटा (३१), ७ आणि ८ ग्राउंड.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे. पी५ ची पट्टी बोर्डाच्या खालच्या बाजूने बसवण्यासाठी आखलेली आहे. वरून बसवली तर कागदावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं: १ च्या जागी २, ३ च्या जागी ४. मग दोन्ही क्लॉकची अदलाबदल होते आणि नुसता गोंगाट ऐकू येतो. त्याहून वाईट म्हणजे ५ आणि ३.३ व्होल्ट बदलतात. चित्रावर विसंबू नये. चौकोनी ताट असलेलं भोक म्हणजे १. तिथून मल्टिमीटरने ५ व्होल्ट मोजून खात्री करावी आणि मगच डॅक जोडावा.

जोडणी: पी५-१ व्हीआयएनला, पी५-३ बीसीकेला, पी५-४ एलसीकेला, पी५-६ डीआयएनला, पी५-७ जीएनडीला. पी५-५ मोकळी. तारा ८ सेंटिमीटरच्या ठेवल्या आणि ग्राउंडची तार बिट क्लॉकच्या तारेला पीळ देऊन नेली.

कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये डीटीओव्हरले=हायफायबेरी-डॅक. डीटीपॅराम=ऑडिओ=ऑन ची ओळ बंद. रीबूटनंतर साउंड कार्डांची यादी देणाऱ्या एप्ले -एल मध्ये ‘एसएनडीआरपीआयहायफायबेरी’ दिसलं पाहिजे. एमपीडीत डिव्हाइसला हेच नाव दिलं.

२३ जून : कार्ड दिसतं, आवाज नाही

एमपीडी वाजवतोय, सेकंद पुढे सरकतात, स्पीकर गप्प. आयटूएस एकतर्फी असल्यामुळे डॅक जोडलाच नसला तरी लिनक्सला कार्ड दिसतच राहतं. कार्ड दिसलं म्हणजे वायरिंग बरोबर, असा अर्थ काढू नये.

दोष डॅक बोर्डाच्या पाठीमागे होता. तिथे एच१एल ते एच४एल अशा चार सोल्डर-जागा असतात. काही विक्रेते त्या जोडून देतात, काही तशाच उघड्या सोडतात. जोडणी अशी हवी: १, २ आणि ४ एल कडे, ३ एच कडे. तिसरी जागा एक्सएसएमटी, म्हणजे आवाज बंद करणारी पिन. ती खाली राहिली की चिप कायम मूक. तिला एच कडे जोडल्यावर आवाज आला.

पण आवाजात सीं-सीं मिसळलेली, आणि तारेला बोट लागलं की ती बदलते. कारण एससीके ही मास्टर क्लॉकची पिन मोकळी. रास्पबेरी पाय मास्टर क्लॉक देत नाही. एससीके ग्राउंडला जोडली तरच ही चिप बिट क्लॉकवरून आतल्या आत स्वतःचा क्लॉक तयार करते. बोर्डाच्या पुढच्या बाजूला एससीकेशेजारी त्यासाठीच सोल्डरचा पूल टाकायची जागा आहे. पूल टाकला, शिट्टी गेली.

एससीपीची १७ जूनचीच चाचणी पुन्हा केली. गाणं चालू, शेजारून मोठी फाइल येतेय, एकही ‘टक्’ नाही. पेन ड्राइव्हचं वाचन क्षणभर थांबलं तरी एमपीडीचा ४ एमबीचा बफर सीडी-दर्जाच्या आवाजाला तेवीस सेकंद पुरतो.

२९ जून : रीसँपलिंग चालू तर नाही ना

रीसँपलिंग म्हणजे गाण्याचा सेकंदाला नमुन्यांचा दर मधेच बदलणं. गाणं चालू असताना प्रॉक/असाउंड खालची एचडब्ल्यू_पॅराम्स फाइल वाचावी. ४४.१ च्या गाण्याला तिथे ४४१०० च दिसायला हवं. ४८००० दिसलं तर मधे कुणीतरी बदल करतंय. पीसीएम५१०२ए नेहमीचे सगळे दर घेतो, म्हणून इथे बदलाची गरज पडत नाही. फक्त ४८ घेणारं यूएसबी कार्ड असेल तर एमपीडीत दर बदलणारं सॉक्सआर निवडून गुणवत्ता ‘लो’ ठेवावी. ‘व्हेरी हाय’ या प्रोसेसरला झेपत नाही.

या चिपला हार्डवेअर व्हॉल्यूम नाही. मिक्सर_टाइप ‘नन’ ठेवला, आवाज अँप्लिफायरच्या बटणावर. मोबाइलवरून कमी-जास्त करायचाच असेल तर ‘सॉफ्टवेअर’.

३० जून : देवनागरी नावं

पेन ड्राइव्ह एफएटी३२ चा. एफएसटॅबमधून (बूटच्या वेळी ड्राइव्ह जोडणाऱ्या यादीतून) माउंट केला तर ‘राग यमन.एफएलएसी’ ऐवजी ‘??? ???’ दिसतं आणि एमपीडी ती फाइल उघडू शकत नाही. व्हीफॅटच्या माउंट पर्यायांत यूटीएफ८ हा शब्द घातला की नावं नीट येतात. आयओचारसेट=यूटीएफ८ लिहू नये. त्याने लहान-मोठ्या लिपीचे वेगळे घोळ होतात.

ईएक्सटी४ केला तर हा प्रश्नच येत नाही, पण दुसरा येतो. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. राग, ताल, बंदिशीचे बोल, कलाकार, मैफलीचं गाव आणि साल असं सगळं नावातच लिहिलेल्या फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून कॉपीच होत नाहीत. एफएटीची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, म्हणून एफएटी३२ च ठेवला. एनटीएफएस-३जी मात्र टाळावा, वाचतानाच प्रोसेसर खातो.

एफएसटॅबमध्ये ‘आरओ’ (फक्त वाचणं) आणि ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसला तरी बूट अडू नये) दोन्ही घातले. एमपीडीच्या सर्व्हिसला रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/गाणी जोडलं. नाहीतर ड्राइव्ह माउंट होण्याआधीच एमपीडी उठतो, आणि त्या वेळी कुणी अपडेट दिलं तर सगळी यादी पुसली जाते.

६ जुलै : लाइट जाण्याची तयारी

पावसाळ्यात लाइट जाणारच. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रामात ओव्हरले फाइल सिस्टिम आहे. ती चालू केली की कार्डवर काही लिहिलं जात नाही, सगळं रॅममध्ये राहतं. पण मग गाण्यांची यादी आणि कुठवर वाजलं ती नोंदही दर रीबूटला जाते.

डॅक पी५ वर गेल्याने एक यूएसबी पोर्ट मोकळा झाला होता. त्यात जुना २ जीबीचा पेन ड्राइव्ह ईएक्सटी४ करून लावला, मालकी ‘एमपीडी’ यूजरला दिली आणि डीबी_फाइल व स्टेट_फाइल तिकडे वळवल्या. तरीही यादी जातच होती. कारण हे ओव्हरले करणारा ओव्हरलेरूट आपल्याबरोबर एफएसटॅबमधले बाकीचे माउंटही झाकून टाकतो. सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये ओव्हरलेरूट=टीएमपीएफएस च्या पुढे :रिकर्स=० जोडल्यावर हा ड्राइव्ह खरोखर लिहिता झाला.

रिस्टोअर_पॉज्ड ‘येस’ करणं विसरू नये. नाहीतर रात्री दोनला लाइट आली की जिथे थांबलं होतं तिथून गाणं मोठ्याने सुरू होतं.

चालू असताना वीज काढून पुन्हा पुन्हा तपासलं. कार्ड शाबूत.

७ जुलै : जुना अँप्लिफायर

मागे पाच पिनांचं डीआयएन सॉकेट. टेपच्या सॉकेटात ३ डावा, ५ उजवा, २ ग्राउंड. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी बाहेर येणाऱ्या तारा, त्या मोकळ्या सोडायच्या.

या डॅकचं आउटपुट पूर्ण आवाजाला २.१ व्होल्ट आहे आणि त्या काळची इनपुटं पाव व्होल्टाच्या आसपास आखलेली असतात. थेट जोडलं तर बटण जरा हललं की घर दणाणतं आणि हळू आवाजात डावा-उजवा समतोल राहत नाही. प्रत्येक बाजूला ४७ किलोओहम सिरीजमध्ये आणि त्यानंतर १० किलोओहम ग्राउंडला, एवढं प्लगच्या आतच बसतं. आउटपुट ०.३७ व्होल्टावर येतं. आता बटण निम्म्यापर्यंत फिरवता येतं. नाट्यपदातल्या ऑर्गनचा खर्जही फाटत नाही.

१३ जुलै : आठवडाभर चालवून

एमपी३ आणि एफएलएसी दोन्ही विनाखंड. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या सीडींच्या एफएलएसी प्रतीत दोहोंमध्ये खंड ऐकू येत नाही. एमपी३ त मात्र हे एन्कोडरने लेम टॅग (गाण्याच्या दोन्ही टोकांना भरलेली शांतता किती ते सांगणारी नोंद) लिहिला असेल तरच होतं.

जुन्या एमपी३ चे टॅग युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरलेले असले की अ‍ॅपमध्ये रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. एमपीडीच्या सेटिंगने तो सुटत नाही, टॅग लॅपटॉपवर नव्याने लिहावे लागतात. तोवर अ‍ॅपमध्ये कलाकारांच्या यादीऐवजी फोल्डरचं दृश्य वापरावं.

उरलेला एक दोष: ४४.१ च्या गाण्यावरून ९६ च्या गाण्यावर जाताना स्पीकरमध्ये हलकी ‘फट्’ येते. क्लॉक बदलताना चिप क्षणभर सुटते आणि पुन्हा धरते, त्याची ती. यादीत दर मिसळले नाहीत तर ऐकू येत नाही.

खर्च: डॅक ३८०, पिन पट्टी १०, जाड केबल १५०, डीआयएन प्लग ४०, रेझिस्टर आणि तारा ३०. एकूण ६१० रुपये. बोर्ड, चार्जर, कार्ड आणि दोन्ही पेन ड्राइव्ह घरचे. यूएसबी साउंड कार्डाचे २५० यात धरलेले नाहीत. रिव्हिजन २ असेल तर ते घेऊच नये.